तुळसा ऐकायला बसली

दिवाळी सरली की बोरमाळाची कातकरवाडी रिकामी होते. घरंच्या घरं दार ओढून वीटभट्ट्यांवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. मागं उरतात ज्यांचे पाय चालत नाहीत ते, ज्यांचे कान चालत नाहीत ते, आणि तुळसा. तुळसाचे पाय, कान आणि मुख्य म्हणजे तोंड, तिन्ही ठणठणीत होती. पण आपण भट्टीवर जायचं आणि मागं पोर घरी यायची, तिला दार बंद दिसायला नको, म्हणून ती वाडी सोडत नसे. रेवदंड्याच्या खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायच्या, बाजारात विकायच्या, दिवेलागणीच्या आत घर गाठायचं. पोर काही आली नव्हती.

त्या दिवशी ती अंगणात बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या सुंभानं बांधत होती, तर समोर धर्मा येऊन उभा राहिला. धर्मा म्हणजे तिचा दीर, तिच्या मेलेल्या नवऱ्याचा पाठचा भाऊ. काशीदला एका बंगल्यावर राखण करायचा आणि रविवारी आपल्या अंगणात ख्रिस्ती मंडळीची प्रार्थना चालवायचा. तुळसा त्या प्रार्थनेला जात नसे. देवाशी तिचं वाकडं नव्हतं. धर्माशी होतं.

"वयनी," तो म्हणाला, "उद्या जरा माझ्याकडं येशील?"

"कोण मेलं?"

"कोन न्हाय मेलं. मुंबईच्या ताई येताव. गोष्टी ऐकायच्या हायत."

ही दोघं एकमेकांशी कातकरीतच बोलत. ती बोली जशीच्या तशी कागदावर उतरवली तर वाचणाऱ्याची दमछाक होईल, म्हणून इथं आपल्या सोयीनं लिहिली आहे. पण ती सोय आपली आहे, त्यांची नाही, एवढं ध्यानात असू द्या.

धर्मानं खिशातून फोन काढला. मंडळीनं दिलेला. त्यात एक ॲप होतं, फुकटचं. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टींची चित्रं एकापाठोपाठ एक येत आणि प्रत्येक चित्राखाली आपल्या बोलीत आपला आवाज भरायचा. नेट लागत नाही, लिहिता यावं लागत नाही. गोष्ट पुरी झाली की ती या फोनवरून त्या फोनवर कुणीही न्यावी, कुणी पैसा मागायचा नाही. भट्ट्यांवर विखुरलेल्या कातकऱ्यांना दिवसभराच्या कामानंतर आपल्या बोलीत देवाचं ऐकायला मिळेल, असा सगळा बेत होता. धर्मानं दोन पावसाळे त्यावर घालवले होते.

आणि ते त्यानं मिरवायला केलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. त्याची आई, तुळसाची सासू, शेवटच्या आजारात हात जोडून पाठ केलेली मराठी प्रार्थना पुटपुटायची. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. एकदा तिनं धर्माला विचारलं होतं, मी देवाजवळ नक्की काय मागतेय रे? ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

पण गोष्ट बाहेर सोडण्याआधी तपासणी असते. ज्यानं ती गोष्ट कधी ऐकली नाही, ज्यानं भरायला मदत केली नाही, अशा बोलीतल्याच माणसाला समोर बसवायचं, गोष्ट ऐकवायची आणि त्याच्या तोंडून ती परत सांगवून घ्यायची. त्याला सांगता आली तर पास. नाही आली तर पुन्हा सगळं मुळापासून. वाडीतल्या सगळ्यांनी त्या गोष्टी भरताना ऐकल्या होत्या आणि तशीही त्यातली बहुतेक भट्टीवर होती. न ऐकलेली उरली होती ती दोन ठार बहिरी म्हातारी माणसं आणि तुळसा.

तुळसानं हे सगळं ऐकून घेतलं आणि हातातली चिंबोरी टोपलीत टाकली.

"रंगू कवा येतंय?"

धर्मानं मान वळवली. "तो विषय येगळा हाय, वयनी."

"माझ्याकडं एकच विषय हाय."

रंगू तिची एकुलती एक लेक. नवरा गेला त्या वर्षी धर्मा म्हणाला होता, घाटावर एक वसतिगृह आहे, फुकट शिक्षण, दोन वेळचं जेवण, बिनबापाच्या पोरींसाठीच आहे. एक वर्ष ठेवून बघू. पोर तेव्हा सहा वर्षांची होती. एकाची चार वर्षं झाली. सुट्टीत पोरीला घरी सोडायचं ते तिला आणून घालणाऱ्याच्याच हाती, असा तिथला नियम, आणि आणून घातलं होतं धर्मानं. तो वर्षातून एकदा जाऊन बघून यायचा आणि "बरी हाय, जाडी झालंय" एवढं सांगायचा. महिन्यातून एकदा त्याच्या फोनवर पोरीचा आवाज ऐकायला मिळे. पण तिकडं बाजूला कुणीतरी उभं असे, आणि पोर पुस्तकातलं वाचल्यासारखं मराठीत बोले.

गेल्या उन्हाळ्यात तुळसा एकटीच निघाली होती. माणगावपर्यंत एसटी, तिथून दुसरी एसटी घाट चढून. फाटकावरच्या राखणदारानं तिला आत सोडलं नाही. आई असल्याचं काय, कुणीही येऊन सांगेल, म्हणाला. ती फाटकाला धरून पोरीच्या नावानं ओरडली, तर त्यानं हाताला धरून तिला रस्त्यापलीकडं नेलं. ती परतली तेव्हा रस्त्यात कुणाशी बोलली नाही, आणि धर्माशी तर त्यानंतर सरळ असं कधीच बोलली नाही.

"पोरी घरी आल्या की परत जात न्हाईत," धर्मा आता म्हणाला. "तिथले लोक मला बोलतील. उद्या दुसऱ्या कुनाची पोर घेनार न्हाईत."

"तुझ्या तीन हायत. घाल की."

"त्यांना बाप हाय."

हे तो सरळपणानं बोलला होता, पण ऐकणारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं, ही टोपलीच उचलून याच्या डोक्यावर उपडी करावी. मग एक वेगळाच विचार डोक्यात आला आणि ती थंड झाली. इतकी वर्षं धर्माला तुळसाचं काही नको होतं. आज पहिल्यांदा त्याला तिचे कान हवे होते.

"येते," ती म्हणाली.

धर्मा खूश होऊन गेला. तो माणूस पोटात एक ओठात एक असा नव्हता, त्यामुळं दुसऱ्याच्या पोटातलं त्याला कधी दिसत नसे.

दुसऱ्या दिवशी धर्माच्या पडवीत तीन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मुंबईच्या ताई म्हणजे रुचिका, तिशीची, गळ्यात ओळखपत्र, पायात चांगले बूट. तिला कातकरी येत नव्हती. गोष्टी शास्त्राला धरून आहेत का, हे बघणं तिचं काम होतं, आणि पाच-सहा बोल्यांचं तेच काम ती गावोगाव फिरून करत होती. धर्माची बायको कमळ चहा देऊन आत निघून गेली. जावा-जावांत गेल्या उन्हाळ्यापासून अबोला होता, चहाचा कप कमळनं तुळसाच्या हातात न देता खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवला.

"मावशी, घाबरू नका हं," रुचिका म्हणाली. "ही तुमची परीक्षा नाही. गोष्ट नीट सांगितली गेलीय की नाही, याची परीक्षा आहे. तुम्ही फक्त ऐका आणि जे समजलं ते तुमच्या भाषेत सांगा. काही नाही समजलं तर तसं सांगा."

"तसं सांगितलं तर चालतं?"

"चालतं की. मग धर्माभाऊंना पुन्हा करावं लागेल."

तुळसानं धर्माकडं बघितलं आणि पदर सावरून ऐटीत बसली.

पहिली गोष्ट लागली. पूर आणि मोठी होडी. धर्माचा आवाज फोनमधून येत होता, सावकाश, समजावून सांगणारा. पूर म्हणजे काय ते खाडीकाठच्या बाईला सांगावं लागत नाही. होडीचं तर नाहीच. गोष्ट संपली.

"काय समजलं, मावशी?"

"काय न्हाय."

"काहीच नाही? कशाबद्दल होती?"

"काय की. कोन तरी बोलत होता."

रुचिकानं धर्माकडं पाहिलं. धर्मानं घाईघाईनं पुन्हा लावली. तुळसानं पुन्हा ऐकली, पुन्हा मान हलवली. "आवाज येतोय. अर्थ न्हाय येत."

धर्मा हसरा चेहरा ठेवून तिच्याकडं वळला आणि दातांतल्या दातांत कातकरीत म्हणाला, "वयनी, काय लावलंस? तुला सगळं समजतंय."

"पोर आन. मग समजंल."

"ताईंसमोर तमाशा नको."

"ताईंना कुठं समजतंय? हसत ऱ्हा. बरा दिसतोस."

"काय म्हणतायत?" रुचिकानं विचारलं.

"म्हणतायत, जरा मोठ्यानं लावा," धर्मा म्हणाला.

मोठ्यानं लावली. दुसरी गोष्ट लावली, हरवलेल्या पोराची. तुळसा भिंतीवरच्या पालीकडं बघत बसली. काय समजलं? काय न्हाय. रुचिकानं वहीत खूण केली, चष्मा काढून पुसला आणि ती धर्माशी जरा कोरड्या आवाजात बोलू लागली. शब्द फार शुद्ध घातलेत का? दुसऱ्या वाडीची बोली झालीय का? आता उरलेली शेवटची गोष्टसुद्धा गेली, तर सगळा संच मागं घ्यावा लागेल, मग पुढच्या वर्षीच बघू, आणि पुढच्या वर्षी मी इकडं असेन की नाही सांगता येत नाही. धर्माच्या कपाळावर घाम आला. दोन पावसाळे त्यानं रात्रपाळी करून दिवसा गोष्टी भरल्या होत्या. कोंबडं आरवलं, मोटारसायकल गेली, की पुन्हा पहिल्यापासून. तुळसाला हे सगळं ठाऊक होतं आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. फाटकाबाहेर उभं राहिल्यावर कसं वाटतं ते आता याला समजू दे, असं तिच्या मनात आलं.

"शेवटची," रुचिका म्हणाली.

ही बकरीची गोष्ट होती. शास्त्रात ती मेंढी आहे, पण या बाजूला मेंढ्या पाळतो कोण? धर्मानं बकरी केली होती आणि रुचिकानं ते चालवून घेतलं होतं. एका गावात दोन माणसं. एकाकडं बकऱ्यांचा कळप, मोजता येणार नाही एवढा. दुसऱ्याकडं काहीच नाही, एक लहानशी बकरी तेवढी. त्याच्याच ताटात खायची, त्याच्याच कुशीत निजायची, त्याला पोटच्या लेकीसारखी. एक दिवस श्रीमंताकडं पाहुणा आला. पाहुण्याला जेवू घालायचं, तर आपल्या कळपातली एक कापायला श्रीमंताचा हात धजेना. त्यानं गरिबाची ती एकुलती एक उचलली.

तुळसाची नजर पालीवरून खाली आली.

फोनमधला धर्मा पुढं सांगत होता. ही गोष्ट एक देवमाणूस राजाला ऐकवत होता. ऐकून राजा खवळला, म्हणाला, असा माणूस जगायच्या लायकीचा नाही, कोण तो? देवमाणूस म्हणाला, राजा, लांब कशाला शोधतोस? बकरी नेली ती तू.

फोन थांबला. तुळसाला कळत होतं की आताही "काय न्हाय" म्हणायचं, तेच हत्यार आहे, ते टाकून द्यायचं नाही. पण जीभ ऐकेना.

"मी सांगते," ती म्हणाली, आणि रुचिकानं पटकन भरायचं बटण दाबलं.

तुळसानं गोष्ट परत सांगितली. कातकरीत, एकही धागा न सोडता, आणि धर्मानं सांगितली त्याहून रागानं. बकरी कशी ताटात तोंड घालायची ते सांगितलं. तिला खरूज झाली तेव्हा कडुलिंबाच्या पाण्यानं कशी धुतली ते सांगितलं, हे गोष्टीत नव्हतं. थंडीच्या दिवसांत ती कुशीत शिरून गार पाय पोटाला कशी लावायची ते सांगितलं. मग श्रीमंत आला. त्याच्या घरात तीन होत्या. तीन. त्यातली एक त्याला देववेना. म्हणून तो भावाच्या मागं भावाच्या घरात शिरला आणि तिथली एकच होती ती उचलून घाटावर देऊन आला, आणि आल्यावर म्हणाला, बरी हाय, जाडी झालंय. "आणि मंग त्याच मान्सानं," ती म्हणाली, "फोन हातात धरून देवाची गोष्ट सांगितली, आणि मला समोर बसवून विचारतो, समजलं का? समजलं रे धर्मा. बकरी नेली ती तू."

धर्माचा चेहरा राखेसारखा झाला. आतून कमळ दारात येऊन उभी राहिली होती, तिनं पदर तोंडाला लावला.

रुचिकाला शब्द कळले नव्हते, पण बाईचा चेहरा तिनं बघितला होता. ती पुढं झुकली. "काय म्हणाल्या? भाऊ, सांगा ना, काय काय म्हणाल्या?"

खरं तर ज्यानं गोष्ट भरली त्यानंच तपासणीत दुभाष्या व्हायचं नसतं. पण दुसरं होतं कोण?

"बरोबर सांगितली," धर्मा खाली बघत म्हणाला. "सगळी. जशीच्या तशी."

"जशीच्या तशी?" तुळसा मराठीत म्हणाली. बाजारात रोज गिऱ्हाइकांशी घासाघीस करणाऱ्या बाईचं मराठी काही कच्चं नव्हतं. "ताई, हा खोटं बोलतो. मी माझ्या पोरीचं बोलली. ह्यानं माझी एकुलती एक पोर नेली, चार वर्षं झाली, मला दाखवत न्हाय. ह्याच्या तीन घरात हायत. मघापासून मला सगळं समजत होतं. होडी पन समजली, तो हरवलेला पोरगा पन समजला. मुद्दाम सांगत नव्हती."

तिला वाटलं, आता ही शिकलेली बाई उठेल. धर्माला जाब विचारेल, मुंबईला फोन लावेल, काहीतरी करेल.

रुचिका उठली नाही. ती वाईट बाई नव्हती. पण तिला अंधार पडायच्या आत अलिबाग गाठायचं होतं, आणि आपलं काम कुठं संपतं ते तिला फार चांगलं ठाऊक होतं.

"मावशी, वाईट वाटलं मला ऐकून. खरंच. ते घरातलं तुम्ही दोघांनी बसून बोला," ती म्हणाली. मग वहीत खुणा करता करता तिचा चेहरा उजळला. "पण भाऊ, बघा ना, गोष्ट पोचली. किती पोचली! स्वतःच्या आयुष्याला जोडली त्यांनी. याहून चांगली तपासणी होऊच शकत नाही. तिन्ही पास."

तुळसानं मन उघडं केलं होतं आणि त्याची वहीत बरोबरची खूण झाली होती. हातातलं एकमेव हत्यार तिनं स्वतःच्या हातानं धर्माला देऊन टाकलं होतं, आणि धर्मा सुटल्यासारखा श्वास सोडत होता. तो श्वास तिनं ऐकला. धर्माचा एवढा तिरस्कार तिला कधीच वाटला नव्हता.

"आता शेवटचं," रुचिका फोन पुढं करत म्हणाली. "तुमचं नाव सांगायचं आणि म्हणायचं, माझा आवाज ठेवायला माझी हरकत नाही. एवढं झालं की संपलं."

"आणि न्हाय म्हटलं तर?"

"तर... तुमचं सांगणं पुसावं लागतं."

"मंग तपासनी?"

"मग तपासणी झाली नाही असं होतं."

तुळसा खुर्चीत मागं रेलली. एवढ्या वेळात पहिल्यांदा ती हसली आणि ते हसू काही बघण्यासारखं नव्हतं.

"ह्याला बोलायला लावा," ती म्हणाली. "त्याच फोनात. रविवारी रंगूला आनून माझ्या दारात उभी करतो, असं देवाच्या नावानं बोल म्हनावं. मंग मी बोलते."

धर्मानं रुचिकाकडं बघितलं. रुचिकानं घड्याळाकडं बघितलं. "बोला ना भाऊ. आणायचंच आहे ना तिला कधीतरी?"

धर्मा बोलला. शब्द घशातून ओढून काढल्यासारखे, पण बोलला. मग तुळसानं आपलं नाव सांगितलं आणि हरकत नाही म्हणाली. जाताना तिनं जमिनीवरचा चहाचा कप पायानं कलंडून दिला. कमळ फडकं आणायला आत गेली.

रविवारपर्यंत तुळसानं घर दोनदा सारवलं. रेवदंड्याच्या बाजारातून लाल रिबिनी आणल्या. सगळ्यात मोठ्या चिंबोऱ्या, ज्या काशीदची हॉटेलं हसत उचलतात, त्या न विकता ठेवून दिल्या. पोरीला चिंबोरीचा रस्सा फार आवडायचा. एकदा घरात आली की परत पाठवायचीच नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. धर्मा फोनात फक्त आणण्याचं बोलला होता, परत नेण्याचं कुणी बोललं नव्हतं.

उन्हं उतरायला लागल्यावर रिक्षा वाडीखाली थांबली आणि धर्मा रंगूला घेऊन चढण चढून आला. तुळसा धावत गेली, आणि दोन पावलांवर थबकली. पोर उंच झाली होती. पायात बूट, केस कानापर्यंत कापलेले. तिनं वाकून आईच्या पायांना हात लावला.

"कशी आहेस, आई?"

आई. आय नाही. तुळसानं तिला छातीशी धरलं, तिच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवत राहिली, आणि कातकरीत जे तोंडाला येईल ते बोलत राहिली. पोर ऐकत होती, मान हलवत होती, आणि "हो", "नाही", "ठीक आहे" म्हणत होती. तिच्या अंगाला साबणाचा वास येत होता. जेवायला बसल्यावर तिनं हात जोडून लांबलचक प्रार्थना म्हटली, एका दमात, कुठंही न अडखळता. रस्सा तिनं खाल्ला, चवीनं खाल्ला. तुळसाला वाटलं, चला, निदान जीभ तरी तीच आहे.

धर्मा दारातच बसला होता. त्याला जायचं सुचत नव्हतं. पोर परत न्यायची तर इथून हलायचं नाही, असंही त्याच्या मनात असेल. पण त्याच्या चेहऱ्यावर आणखीही काहीतरी होतं, वह्या तपासून घ्यायला आलेल्या पोरासारखं. त्यानं फोन काढला.

"रंगू, बघ, तुला काय ऐकवतो. मी केलंय. आपल्या बोलीत. पास झालंय."

बकरीची गोष्ट लागली. एका गावात दोन माणसं. पोर आधी हसली. कुणी नक्कल करतंय असं तिला वाटलं असावं. मग तिला कळलं की नक्कल नाही, आणि ती कावरीबावरी झाली. तिनं उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हातानं फोन पालथा घातला.

"काका, बंद करा ना."

"का गं?"

"देवाचं असं बोलायचं नसतं."

"असं म्हंजे?"

"असं. आपल्यासारखं." तिनं आवाज बारीक केला. "तिकडं आपल्यासारखं बोललं की उभं करतात. सगळ्या हसतात. बाई म्हणतात, देवासमोर स्वच्छ तोंडानं जायचं. आणि तुम्हीच तर सांगितलं होतं मला, पहिल्या दिवशी, फाटकात. ते जंगली बोलणं इथं ठेवून जा, आत जाऊन चांगलं बोलायला शीक."

फोन पालथा पडून बोलतच होता, आवाज जमिनीत दबून येत होता. भट्ट्यांवरच्या सगळ्या कातकऱ्यांसाठी धर्मानं ती गोष्ट भरली होती, आणि ज्या एका कातकरी पोरीला त्यानं स्वतःच्या हातानं देवाकडं पोचवलं होतं, तिला ती ऐकायची लाज वाटत होती. त्यानं फोन उचलला, पण बंद कसा करायचा हे त्याला आठवेना.

तुळसा हे बघत होती. इतकी वर्षं याच घडीची वाट बघितली होती तिनं, धर्मा असा तोंडात मारल्यासारखा बसलेला बघायची. आता बघितलं आणि तिला काडीचा आनंद झाला नाही. राग मात्र होता तसाच होता. पोर खाली मान घालून चिंबोरीची नांगी चोखत होती. ही आता आपली बोली टाकून बसलीय, हिच्या कानावरून जाईल, असं समजून तुळसा धर्माकडं वळली आणि मोठ्यानं, कातकरीत म्हणाली,

"बकरी खाल्लीस, धर्मा. आता कातडं आनून दिलंस."

पोरीच्या हातातली नांगी ताटात पडली. तिनं वर बघितलं. डोळे भरले होते, पण ती रडली नाही.

"मी कातडं न्हाय, आय," रंगू म्हणाली.

चार वर्षांत पोर पहिल्यांदा तुळसाशी तिच्या बोलीत बोलली होती, आणि ते हे होतं.